व्हायरस लागलेला कॉम्प्युटर: फॉरमॅटच्या आधी काय, नंतर काय

व्हायरसने ग्रासलेल्या कॉम्प्युटरवर नव्याने विंडोज टाकणं हा या सगळ्या कामातला सोपा भाग आहे. तासा-दीड तासात उरकतो आणि फारसं डोकंही लागत नाही. डोकं लागतं ते त्याआधी काय वाचवायचं हे ठरवताना आणि नंतर काय आत येऊ द्यायचं नाही हे पाळताना. ‘फॉरमॅट मारला, तरी आठ दिवसांत परत तेच सुरू’ असं ज्यांच्या बाबतीत होतं, त्यांनी टाकलेली विंडोज सहसा स्वच्छच असते. घाण परत येते ती डी ड्राइव्हवरून, बॅकअपच्या डिस्कवरून, कुठल्याशा पेन ड्राइव्हवरून, नाहीतर ब्राउझरच्या सिंकमधून. म्हणून माझा आग्रह आहे की हा लेख आधी शेवटपर्यंत वाचा आणि मगच कशाला हात लावा. मधल्या एका पायरीवर डिस्क पूर्ण पुसली जाणार आहे, आणि तिथून मागे येता येत नाही.

सगळ्यात आधी नेट तोडा

वायफाय बंद करा, लॅनची वायर काढा. आजचे बहुतेक व्हायरस तुमची माहिती बाहेर पाठवतात आणि बाहेरून हुकूम घेतात. नेट तुटलं की दोन्ही थांबतं. एक्स्टर्नल डिस्क किंवा पेन ड्राइव्ह लावलेला असेल तर तोही काढून घ्या. आणि यापुढे या कॉम्प्युटरवरून कुठेही लॉगिन करायचं नाही, ‘फक्त एक मेल बघतो’ म्हणूनसुद्धा नाही.

फाइल्सच्या नावांना भलतीच शेपटं, म्हणजे नावाच्या शेवटी टिंबानंतर येणारी अक्षरं, लागली असतील, त्या उघडत नसतील आणि फोल्डरागणिक खंडणीची चिठ्ठी दिसत असेल, तर ते रॅन्समवेअर आहे. डोळ्यांदेखत आणखी फाइल्स बदलत असतील तर पॉवरचं बटण दाबून धरा आणि मशीन बंद करा. पैसे देऊ नका. पैसे देऊन फाइल्स मिळतीलच याची काहीही हमी नसते. पण त्या कुलूपबंद झालेल्या फाइल्स आणि ती चिठ्ठी पुसूही नका. २०१६ साली नेदरलँड्सचे पोलीस, युरोपोल आणि दोन अँटिव्हायरस कंपन्यांनी मिळून ‘नो मोअर रॅन्सम’ नावाचा उपक्रम सुरू केला. त्याच्या साइटवर कित्येक रॅन्समवेअरची कुलपं उघडणारी साधनं फुकट मिळतात. आज तुमच्या फाइल्ससाठी साधन नसलं तरी पुढे येऊ शकतं. त्या वेगळ्या डिस्कवर जपून ठेवा.

फॉरमॅटची गरज आहे का, हे तपासा

कॉम्प्युटर हळू चालतो एवढ्यावरून व्हायरस ठरवू नका. डिस्क मरायला टेकली असली तरी मशीन असंच रडतं. क्रिस्टलडिस्कइन्फोसारख्या फुकट प्रोग्रामने डिस्कची तब्येत कळते. तिथे पिवळा किंवा लाल शेरा दिसला तर आधी डेटा वाचवा आणि नवी डिस्क बसवा. मरणाऱ्या डिस्कवर नवी विंडोज टाकून काही साधत नाही.

दुसरा प्रकार मी फार वेळा पाहतो. स्क्रीनच्या कोपऱ्यात सारखी खिडकी उगवते: ‘तुमच्या कॉम्प्युटरमध्ये पाच व्हायरस सापडले, इथे दाबा’. यातल्या बऱ्याच खिडक्या म्हणजे निव्वळ ब्राउझरच्या नोटिफिकेशन असतात. कधीतरी एखाद्या साइटने परवानगी मागितली आणि ‘अलाऊ’ दाबलं गेलं. ब्राउझरच्या सेटिंग्जमध्ये नोटिफिकेशनची परवानगी असलेल्या साइट्सची यादी उघडा, अनोळखी साइट काढून टाका, विषय संपला. त्यासाठी फॉरमॅट मारू नका.

शंका खरी वाटली तर विंडोज सिक्युरिटीमध्ये ‘व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शन’, तिथे ‘स्कॅन ऑप्शन्स’, आणि त्यात मायक्रोसॉफ्ट डिफेंडरचा ऑफलाइन स्कॅन निवडा. मशीन रीस्टार्ट होतं आणि नेहमीची विंडोज सुरू न करता तपासणी करतं. सुमारे पंधरा मिनिटं लागतात. विंडोज चालू असताना लपून बसणारे व्हायरस या स्कॅनपुढे उघडे पडतात. साधं ॲडवेअर, म्हणजे नुसत्या जाहिराती दाखवणारा प्रोग्राम, असेल तर इथेच काम भागतं.

काही परिस्थितींत मात्र मी साफसफाईच्या भानगडीत पडत नाही, थेट पुसतो. अँटिव्हायरस चालूच होत नाही किंवा आपोआप बंद पडतो. माउस आपला आपण फिरतो. तुमच्या खात्यांमधून तुम्ही न केलेले व्यवहार किंवा मेसेज गेलेत. किंवा स्कॅनमध्ये सॅलिटी, व्हायरट, रॅमनिट अशी नावं आलीत. ही मंडळी जुनी आहेत, पण मेलेली नाहीत. ती डिस्कवरच्या हरएक ईएक्सई फाइलमध्ये स्वतःचा कोड घुसवतात. रॅमनिट तर एचटीएमएल फाइल्सही सोडत नाही. अशा शेकडो फाइल्स अँटिव्हायरसने ‘दुरुस्त’ केल्या तरी त्यातली एक राहिली की पुन्हा पहिल्यापासून. आणि एकदा कुणी परका तुमच्या मशीनवर ॲडमिन होऊन वावरला, की त्याने काय काय बदलून ठेवलंय हे कुठलाही स्कॅन खात्रीने सांगू शकत नाही.

पासवर्ड आजच बदला, पण दुसऱ्या डिव्हाइसवरून

ही पायरी लोक विसरतात, आणि नुकसान बहुतेक वेळा इथेच होतं. हल्लीचे माहितीचोर प्रोग्राम ब्राउझरमध्ये सेव्ह केलेले सगळे पासवर्ड काही क्षणांत उचलतात. त्याहून वाईट म्हणजे ते लॉगिन झाल्याची खूण, म्हणजे कुकीज, उचलतात. ती खूण हाती आली की चोराला पासवर्डही लागत नाही आणि ओटीपीही लागत नाही. साइटला वाटतं तुम्हीच आहात.

म्हणून मोबाइलवरून किंवा दुसऱ्या स्वच्छ कॉम्प्युटरवरून बसा. पहिला ईमेल, कारण बाकी सगळे पासवर्ड रीसेट होऊन तिथेच येतात. मग बँक, मग सोशल मीडिया, मग उरलेलं. प्रत्येक ठिकाणी पासवर्ड बदलल्यावर ‘सगळ्या डिव्हाइसवरून लॉगआउट’ हा पर्याय शोधून दाबा. चोरलेली कुकी निकामी करण्याचा तोच खात्रीचा मार्ग आहे. ईमेलच्या सेटिंग्जमध्ये दोन गोष्टी डोळ्यांत तेल घालून बघा: मेल परस्पर दुसऱ्या पत्त्यावर फॉरवर्ड होतायत का, आणि खातं परत मिळवण्यासाठीचा फोन नंबर आणि मेल तुमचाच आहे का. टू-स्टेप व्हेरिफिकेशन चालू नसेल तर आत्ताच करा.

जमवाजमव

एक स्वच्छ कॉम्प्युटर लागेल, मित्राचा चालेल. किमान ८ जीबीचा पेन ड्राइव्ह, ज्यावरचं सगळं पुसलं जाणार आहे. डेटा मावेल एवढी एक्स्टर्नल डिस्क. याशिवाय कागदावर तीन गोष्टी टिपून घ्या.

पहिली, विंडोजची आवृत्ती होम आहे की प्रो. सेटिंग्जमध्ये सिस्टिम, त्यात ॲक्टिव्हेशन, तिथे दिसते. लायसन्स डिजिटल असेल तर ते तुमच्या हार्डवेअरशी जोडलेलं असतं, त्यामुळे की शोधत बसावं लागत नाही. फक्त आवृत्ती तीच टाकायची.

दुसरी, लॅपटॉपचा नेमका मॉडेल नंबर. तो ड्रायव्हरसाठी, म्हणजे हार्डवेअर चालवणाऱ्या छोट्या प्रोग्रामसाठी, लागतो. उत्पादकाच्या साइटवरून निदान वायफायचा आणि इंटेलचा स्टोरेज ड्रायव्हर आधीच उतरवून ठेवा, अर्थात स्वच्छ कॉम्प्युटरवर.

तिसरी, बिटलॉकरची, म्हणजे डिस्क एन्क्रिप्ट करून कुलूपबंद करणाऱ्या विंडोजच्या सोयीची, रिकव्हरी की. अनेक लॅपटॉपमध्ये डिस्क एन्क्रिप्ट केलेली असते आणि मालकाला पत्ताही नसतो. की ४८ अंकी असते आणि बहुतेकदा तुमच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात जमा असते. दुसऱ्या डिव्हाइसवरून त्या खात्यात जाऊन डिव्हाइसच्या यादीत बघा आणि उतरवून घ्या. ही की नसेल तर डिस्क बाहेरून उघडणार नाही, आणि बॅकअप चालू विंडोजमधूनच, नेट तोडलेलं ठेवून, घ्यावा लागेल.

बॅकअप: विंडोज सुरूच करू नका

संसर्ग झालेल्या विंडोजमध्ये एक्स्टर्नल डिस्क लावली की व्हायरस तिच्यावर उडी मारायला मोकळा. त्यामुळे मी बॅकअप लाइव्ह लिनक्समधून घेतो, म्हणजे विंडोजऐवजी वापरता येणाऱ्या, इन्स्टॉल न करता थेट पेन ड्राइव्हवरून चालणाऱ्या सिस्टिममधून. लिनक्स मिंट किंवा उबंटू, दोन्ही फुकट आहेत. स्वच्छ कॉम्प्युटरवर त्यांची आयएसओ फाइल (अख्खी सिस्टिम एकाच फाइलमध्ये) अधिकृत साइटवरून उतरवा आणि रुफस नावाच्या छोट्या प्रोग्रामने पेन ड्राइव्हवर लिहा. मग आजारी मशीन त्या पेन ड्राइव्हवरून सुरू करा. त्यासाठी पॉवर चालू केल्याबरोबर बूट मेन्यूची की टकटक दाबत राहायची: डेल, लेनोव्हो आणि एसरमध्ये सहसा एफ१२, एचपीमध्ये एफ९, असूसच्या लॅपटॉपमध्ये एस्केप. यादीत पेन ड्राइव्ह दिसला की तो निवडा. उबंटूत ‘ट्राय’ हा पर्याय घ्या, ‘इन्स्टॉल’ नको. मिंट थेट डेस्कटॉपवर जातं.

आता विंडोज झोपलेली आहे आणि तिच्यातले व्हायरसही. फाइल मॅनेजरमध्ये विंडोजची डिस्क उघडा, ‘युझर्स’ फोल्डरमध्ये तुमच्या नावाचा फोल्डर दिसेल. इथे एक गोष्ट हमखास होते: खरे फोल्डर लपवून त्यांच्या जागी शॉर्टकट ठेवणाऱ्या ‘शॉर्टकट व्हायरस’मुळे ‘गायब’ झालेले फोल्डर लिनक्समध्ये बिनधास्त समोर दिसतात, कारण विंडोजची लपवण्याची खूण लिनक्स मानतच नाही. पेन ड्राइव्हवर कधी कधी नावच नसलेला, कोरा फोल्डर दिसतो. तुमच्या हरवलेल्या फाइल्स बहुधा त्याच्यातच असतात. शेजारी फोल्डरच्या नावाच्या एलएनके, म्हणजे शॉर्टकटच्या, फाइल्स असतील, त्यांना हात लावू नका.

डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, पिक्चर्स, व्हिडिओज, डाउनलोड्स हे उघड फोल्डर झाले. विसरले जातात ते वेगळेच. थंडरबर्ड वापरत असाल तर मेल ‘ॲपडेटा’ या फोल्डरात असतात. विंडोजमध्ये तो लपलेला असतो, लिनक्समध्ये सरळ दिसतो. आउटलुकची पीएसटी फाइल. हिशेबाच्या सॉफ्टवेअरचा डेटा, जो कधी थेट सी ड्राइव्हच्या मुळाशीच पडलेला असतो. आणि मराठीत लिहिणाऱ्यांसाठी खास: युनिकोडच्या आधीच्या फॉन्टमध्ये टाइप केलेली जुनी कागदपत्रं असतील तर विंडोजच्या फॉन्ट्स फोल्डरातून ते फॉन्ट घ्यायला विसरू नका. फॉन्ट गेला की त्या कागदपत्रांत नुसती इंग्रजी अक्षरांची रांगोळी उरते.

काय घ्यायचं नाही, याबाबत मात्र दयामाया नको. ईएक्सई, एमएसआय, बॅट, सीएमडी, व्हीबीएस, जेएस, एससीआर, पीएस१, डीएलएल, एलएनके अशा शेपटाची एकही फाइल बॅकअपमध्ये जाता कामा नये. सॉफ्टवेअरचे सेटअप, ‘कधीतरी लागेल’ म्हणून साठवलेले, हेच सगळ्यात धोक्याचे. ते पुन्हा अधिकृत साइटवरून मिळतात. झिप आणि रार फाइल्समध्ये काय आहे ते माहीत नसेल तर सोडून द्या. दोन शेपटांची फाइल दिसली, म्हणजे नाव फोटोसारखं, मग जेपीजी आणि शेवटी ईएक्सई, तर तो फोटो नाही. ब्राउझरचा अख्खा प्रोफाइल फोल्डर उचलू नका, कारण दुष्ट एक्स्टेन्शन त्यातच राहतात. एक्सएलएसएम आणि डॉकएम या मॅक्रोवाल्या, म्हणजे आत छोटे प्रोग्राम असलेल्या ऑफिसच्या, फाइल्स गरजेच्याच असतील तर वेगळ्या फोल्डरात ठेवा. इंटरनेटवरून आलेल्या फाइलवर विंडोज एक अदृश्य खूण ठेवते आणि तिच्या आधारे ऑफिस मॅक्रो अडवतं. एका डिस्कवरून दुसरीवर जाताना ती खूण गळून पडू शकते, त्यामुळे ऑफिस आपल्याला वाचवेल या भरवशावर राहू नका.

कॉपी संपली की लिनक्समध्येच दहा-वीस फाइल्स उघडून बघा, वेगवेगळ्या फोल्डरातल्या. एकूण साइज जुळते का पाहा. मग डिस्क नीट ‘इजेक्ट’ करा, वायर काढा आणि ती दुसऱ्या खोलीत नेऊन ठेवा. विंडोज टाकताना ती मशीनला लागलेली नकोच, नाहीतर पुसताना चुकीची डिस्क निवडली जाण्याचा धोका आहे.

विंडोजचा पेन ड्राइव्ह

स्वच्छ कॉम्प्युटरवर मायक्रोसॉफ्टच्या साइटवरून मीडिया क्रिएशन टूल उतरवा, तोच पेन ड्राइव्ह लावा आणि टूल सांगेल तसं करत जा. ते झालं की आधी उतरवलेले ड्रायव्हरही त्यावर टाकून ठेवा. ‘प्री-ॲक्टिव्हेटेड’, ‘लाइट’, ‘गेमिंग एडिशन’ अशा नावांनी फिरणाऱ्या विंडोज कुणी दिल्या तरी घेऊ नका. त्यात आधीच काय भरून ठेवलंय हे कळायचा काहीच उपाय नाही, आणि मग ही सगळी मेहनत वाया जाते.

विंडोज १० ला मिळणारी नेहमीची सुरक्षा अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबली. त्यामुळे नव्याने टाकायचीच आहे तर ११ टाका. तिला टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप, सिक्युअर बूट (फक्त खात्रीची सिस्टिम सुरू होऊ देणारी सोय) जमणारं मशीन, ४ जीबी रॅम आणि ६४ जीबी जागा लागते. शिवाय प्रोसेसर मायक्रोसॉफ्टच्या यादीतला हवा. मशीन जुनं असून यात बसत नसेल आणि तुमचं काम ब्राउझर, मेल आणि लिहिण्यापुरतं असेल, तर माझं स्पष्ट मत आहे की बॅकअपसाठी वापरलेलं तेच लिनक्स मिंट कायमचं टाकून घ्या. अपडेट बंद झालेली विंडोज नेटवर वापरण्यापेक्षा ते शंभर पटींनी बरं.

‘रीसेट धिस पीसी’ने काम होणार नाही का, असं विचारलं जातं. किरकोळ त्रासासाठी होतं. पण साधा रीसेट त्याच मशीनवरच्या, कदाचित बिघडवलेल्या फाइल्सपासून विंडोज पुन्हा रचतो. क्लाउड डाउनलोडचा पर्याय त्यातल्या त्यात चांगला, तरी सुरुवात आजारी विंडोजच्या आतूनच होते. पेन ड्राइव्हवरून बूट केलं की जुन्या सिस्टिमचा एक बाइटही चालत नाही. म्हणून पेन ड्राइव्हच.

डिस्क पुसणं, आणि डी ड्राइव्हचा प्रश्न

विंडोजच्या पेन ड्राइव्हवरून मशीन सुरू करा. यादीत एकाच पेन ड्राइव्हच्या दोन नोंदी दिसल्या तर ‘यूईएफआय’ लिहिलेली घ्या; ती मशीन सुरू करण्याची नवी पद्धत आहे. भाषा, कीबोर्ड निवडा. ‘इन्स्टॉल विंडोज’ निवडून सगळं पुसलं जाईल या सूचनेवर टिक करा; सेटअप जुन्या पद्धतीचा असेल तर तिथे ‘कस्टम’ निवडा. प्रॉडक्ट की मागितली तर ‘माझ्याकडे की नाही’ हा पर्याय, आणि मग कागदावर टिपलेली आवृत्ती.

यानंतर डिस्कची यादी येते. इथे थांबा आणि शांतपणे वाचा. डिस्क ०, पार्टिशन १, पार्टिशन २ (पार्टिशन म्हणजे डिस्कचा एकेक भाग) अशा ओळी असतात: एक १०० एमबीच्या आसपासची सिस्टिमची, एक १६ एमबीची, एक मोठी म्हणजे तुमचा सी ड्राइव्ह, एक रिकव्हरीची, आणि असेल तर डी, ई. बहुतेक लोक इथे फक्त सी निवडतात, फॉरमॅट दाबतात आणि पुढे जातात, कारण ‘डेटा डीमध्ये आहे’. व्हायरस परत येण्याचं हे सगळ्यात मोठं कारण. डीमध्ये वर्षानुवर्षांचे सेटअप, क्रॅक, मित्रांकडून आलेले गेम पडून असतात. फाइलमध्ये घुसणारा व्हायरस असेल तर त्यातल्या प्रत्येक ईएक्सईत तो बसलेला असतो. नवी विंडोज आली, पहिल्याच संध्याकाळी डीमधून जुना मीडिया प्लेअरचा सेटअप चालवला, की झालं. आणि काहीच न पुसता तसंच ‘नेक्स्ट’ दाबलं तर विंडोज जुनी सिस्टिम ‘विंडोज डॉट ओल्ड’ नावाच्या फोल्डरात अख्खी सांभाळून ठेवते, व्हायरससकट.

म्हणून डीचाही बॅकअप वर सांगितल्याप्रमाणे गाळून घ्या, आणि इथे डिस्क ० वरची प्रत्येक ओळ निवडून ‘डिलीट’ करा. शेवटी ‘अनअलोकेटेड स्पेस’ अशी एकच ओळ उरली पाहिजे. तीच निवडून ‘नेक्स्ट’. लागणारी छोटी पार्टिशन सेटअप स्वतः बनवतो.

मशीनमध्ये दोन डिस्क असतील, एक एसएसडी आणि एक मोठी हार्ड डिस्क, तर साइजवरून ओळखा. डेस्कटॉप असेल तर सरळ दुसऱ्या डिस्कची केबल काढून ठेवा. त्या डिस्कवरचा डेटा एवढा आहे की कुठे हलवताच येत नाही, असं असेल तर ती तशीच राहू द्या, पण नव्या विंडोजमध्ये ती पूर्ण स्कॅन होईपर्यंत उघडू नका आणि तिच्यावरच्या सगळ्या प्रोग्राम फाइल्स काढून टाका.

दोन अडचणी इथे नेहमी येतात. यादी रिकामीच दिसते: इंटेलच्या अकराव्या पिढीपासूनच्या बऱ्याच लॅपटॉपमध्ये असं होतं, कारण सेटअपकडे डिस्कचा ड्रायव्हर नसतो. ‘लोड ड्रायव्हर’ दाबून आधी उतरवलेला इंटेलचा स्टोरेज ड्रायव्हर द्या. तो उघडून फोल्डर केलेला हवा, नुसता ईएक्सई चालत नाही. दुसरी, ‘या डिस्कवर विंडोज टाकता येत नाही’ असा निरोप, जीपीटी किंवा एमबीआर (डिस्कच्या मांडणीच्या नव्या-जुन्या पद्धती) यांचा उल्लेख करून. बहुधा तुम्ही जुन्या पद्धतीने बूट केलंय. मागे जाऊन यूईएफआयची नोंद निवडा. तरीही डिस्क हटून बसली तर शिफ्ट आणि एफ१० दाबा, काळी खिडकी उघडेल, तिथे डिस्कपार्ट सुरू करून लिस्ट डिस्क, मग सिलेक्ट डिस्क आणि तिचा आकडा, मग क्लीन. आकडा दोनदा तपासा. क्लीन ऑल देऊ नका. त्याला तासन्‌तास लागतात आणि एसएसडीला तो उगाच घासतो.

पहिल्या रीस्टार्टला पेन ड्राइव्ह काढा, नाहीतर सेटअप पुन्हा पहिल्या पानावर जाऊन बसेल.

नवी विंडोज, पहिला तास

सेटअपच्या शेवटी विंडोज ११ नेट आणि मायक्रोसॉफ्ट खातं मागते. वायफाय दिसत नसेल तर मोबाइल यूएसबी केबलने जोडून टेदरिंग चालू करा. वेगळा ड्रायव्हर न टाकता बहुतेक वेळा लगेच नेट मिळतं.

डेस्कटॉप आला की पहिलं काम विंडोज अपडेट. एकदा नाही, रीस्टार्ट करून पुन्हा तपासा, ‘काही उरलं नाही’ म्हणेपर्यंत. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय नावाच्या रॅन्समवेअरने जगभरात धुमाकूळ घातला तेव्हा ते भोक बुजवणारं अपडेट मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दिलेलं होतं; बुडाले ते अपडेट न केलेले. मग डिव्हाइस मॅनेजरमध्ये पिवळी खूण कुठे आहे का पाहा आणि तेवढेच ड्रायव्हर उत्पादकाच्या साइटवरून घ्या. ‘ड्रायव्हर अपडेटर’ म्हणवणारे प्रोग्राम नकोत. उत्पादकाने नवं बायोस, म्हणजे मदरबोर्डवरचा मशीन सुरू करणारा प्रोग्राम, दिलं असेल तर तेही करून घ्या. फॉरमॅटनंतरही मदरबोर्डच्या चिपमध्ये टिकून राहणारे व्हायरस आहेत, २०१८ साली सापडलेला लोजॅक्स तसाच होता, पण घरगुती मशीनवर ते दुर्मिळ आहेत. बायोस ताजं आणि सिक्युअर बूट चालू, एवढी खबरदारी घ्या आणि पुढे चला.

ॲक्टिव्हेशन झालंय का पाहा. विंडोज सिक्युरिटीत रिअल-टाइम प्रोटेक्शन आणि टॅम्पर प्रोटेक्शन चालू असल्याची खात्री करा. वेगळा अँटिव्हायरस विकत घ्यायलाच हवा असं नाही. फाइल एक्सप्लोररमध्ये फाइल्सची शेपटं दिसतील अशी सेटिंग करा, ऑटोप्ले बंद करा. आणि रोजच्या वापरासाठी ॲडमिन नसलेलं, स्टँडर्ड खातं बनवा. याने चुकून चालवलेला प्रोग्राम अख्ख्या सिस्टिमवर पसरण्याआधी विंडोज पासवर्ड मागते आणि तुम्हाला विचार करायला एक क्षण मिळतो.

डेटा परत घेताना

आता बॅकअपची डिस्क जोडा. डबल क्लिक करून उघडू नका. ड्राइव्हवर राइट क्लिक करून डिफेंडरने आधी स्कॅन करा. स्कॅन संपल्यावर फोल्डर एकेक करून आत घ्या. वेगळ्या ठेवलेल्या मॅक्रोवाल्या फाइल्स सगळ्यात शेवटी, आणि ‘एनेबल कंटेंट’ न दाबता उघडून बघा.

ब्राउझरच्या बाबतीत जरा थांबा. क्रोममध्ये खातं घातलं की सिंक सुरू होतो आणि जुनी सगळी एक्स्टेन्शन, होमपेज, सर्च इंजिन आपोआप परत येतं. ज्या एक्स्टेन्शनमुळे त्रास सुरू झाला तेही. म्हणून सिंकमध्ये एक्स्टेन्शन आणि सेटिंग्ज बंद ठेवा, बुकमार्क घ्या, आणि हवी ती दोन-चार एक्स्टेन्शन हाताने, नाव आणि बनवणारा तपासून टाका. सॉफ्टवेअर उतरवताना सर्चच्या पहिल्या ‘जाहिरात’ लिहिलेल्या लिंकवर जाऊ नका. हुबेहूब नक्कल केलेल्या साइट जाहिरात देऊन वर आणल्या जातात.

आत आला कुठून?

याचं उत्तर शोधल्याशिवाय काम पुरं झालं असं मी मानत नाही. घरगुती मशीनवर बहुतेकदा उत्तर क्रॅक असतं: फुकटात फोटोशॉप, ऑफिस ॲक्टिव्हेट करणारा प्रोग्राम, गेमचा पॅच. ‘चालवण्याआधी अँटिव्हायरस बंद करा’ अशी सूचना ज्याच्यासोबत येते, त्याने आपला हेतू उघड सांगितलेला असतो. घरगुती वापरकर्त्यांना छळणारं स्टॉप-डीजेव्हीयू रॅन्समवेअर प्रामुख्याने अशा क्रॅकमधूनच पसरलं. ऑफिसऐवजी लिब्रेऑफिस, फोटोशॉपऐवजी गिंप किंवा क्रिटा वापरा. सुरुवातीला हात अडखळेल, पण काम होतं.

२०२४ पासून एक नवी युक्ती फार चाललीय. ‘तुम्ही रोबो नाही हे सिद्ध करा’ असं पान येतं आणि सांगतं: विंडोज की आणि आर दाबा, मग कंट्रोल व्ही, मग एंटर. पानाने गुपचूप कॉपी करून ठेवलेला हुकूम तुम्ही स्वतःच्या हाताने चालवता. कुठलाही खरा कॅपचा तुम्हाला कीबोर्डवर असं काही करायला लावत नाही. घरातल्या सगळ्यांना हे एकदा प्रत्यक्ष दाखवून समजवा, विशेषतः ज्येष्ठांना आणि शाळकरी मुलांना.

त्या मशीनला आजवर लागलेले सगळे पेन ड्राइव्ह आणि मेमरी कार्डं गोळा करा, स्कॅन करा आणि शक्य तेवढी फॉरमॅट करा. एखाद्या ड्रॉवरमध्ये राहिलेला एक पेन ड्राइव्ह पुरतो. घरातल्या इतर कॉम्प्युटरवरही ऑफलाइन स्कॅन चालवा. राउटरचा ॲडमिन पासवर्ड कंपनीने दिलेलाच असेल तर बदला आणि त्यातली डीएनएसची, म्हणजे साइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधून देणाऱ्या सर्व्हरची, नोंद अनोळखी नाही ना, ते बघा.

बॅकअपची डिस्क महिनाभर तशीच ठेवा, कारण एखादी राहिलेली फाइल हमखास आठवते. तोवर मशीन सुरळीत चाललं तर ती डिस्क फॉरमॅट करा आणि तिच्यावर नव्याने बॅकअप सुरू करा. आठवड्यातून एकदा लावायची, फाइल्स कॉपी झाल्या की काढून ठेवायची. कायम जोडलेली डिस्क रॅन्समवेअरला सी ड्राइव्हइतकीच हाताशी असते. ज्या फाइल्सची भरपाई कशानेच होणार नाही, त्यांची आणखी एक प्रत क्लाउडवर किंवा दुसऱ्या घरात ठेवा, आणि अधूनमधून त्यातली एखादी फाइल उघडून बघा.